पावसाचा खंड आणि पाच दिवसांचा अंदाज

ऑगस्ट 2023. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट; पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्याला येत होतं आणि नेमकी तेव्हाच पावसानं ओढ दिली.

मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की असा खंड पडतो. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं मध्य भारतातून पश्चिमेकडे येईनाशी होतात. पर्जन्यछायेतल्या मराठवाड्याची भिस्त बरीचशी त्यांच्यावरच. म्हणून खंडात नजर ठेवायची ती उपसागरावर. दर गुरुवारी येणारा हवामान विभागाचा विस्तारित अंदाज पुढच्या आठवड्यांचा कल दाखवतो. तुमच्या शिवाराचं त्यात काही नसतं.

जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ल्यासोबत येतो. तो शब्द न् शब्द वाचावा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. चारांतली तीन केंद्रं कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच! 'हलका' म्हणजे 15.5 मिलिमीटरपर्यंत.

समजा, 10 मिलिमीटर पडला. एकरी 40 हजार लिटर पाणी झालं. पण शेंगा भरताना सोयाबीनला दिवसाला 4 ते 5 मिलिमीटर लागतं. दोन दिवसांची सोय, बस्स.

काळ्या जमिनीत भेगा पडल्या, की खालची ओलही उडते. त्यामुळे कोळपणी (ओळींमधली वरची माती मोकळी करणं) भेगांच्या आधी, पीक लहान असताना. फुलोऱ्यात कोळपं घातलं तर मुळं तुटतात, फुलं गळतात. त्या वेळी 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) हे विद्राव्य खत, 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावं. विहिरीला पाणी असेल, तर तुषार संचानं एक संरक्षित पाणी याच टप्प्यावर द्यावं.

सरासरीचा आकडा मात्र फसवा. उणे 19 टक्क्यांपर्यंतची तूट 'सर्वसाधारण'च धरतात. तीन आठवडे कोरडे गेले आणि शेवटी दोन मोठे पाऊस झाले, तर आकडा सावरतो. पीक गेलेलं असतं. म्हणूनच केंद्र सरकारची 2016 ची दुष्काळ संहिता खंड वेगळा मोजते, जमिनीतली ओल आणि उपग्रहावरून पिकाची स्थितीही पाहते. 2023 मध्ये राज्यानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो ऑक्टोबरअखेर.

जायकवाडी धरणाचं गणित निराळंच. ते भरतं नाशिक-अहिल्यानगरच्या पावसावर. 'शून्य टक्के' ऐकून धरण कोरडं समजू नये: तो आकडा उपयुक्त साठ्याचा. त्याखाली सुमारे 26 टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतो आणि टंचाईत पिण्याचं पाणी तिथूनच उपसतात.