कमेंटला उत्तर कोण देणार?

चर्चमध्ये उपासना सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत आणि मागच्या बाकाजवळ एक पोरगा ट्रायपॉडवर मोबाइल लावतोय, चार्जरची वायर पुरत नाहीये म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड शोधायला पळापळ चाललीय. शेवटी लाइव्ह सुरू होतं. बघणारे १९.

उपदेश चालू असताना खाली एक कमेंट येते, "आईचं उद्या ऑपरेशन आहे, प्रार्थना करा." तिच्यामागून चार 'आमेन' येतात, दोन 'आवाज येत नाहीये' येतात, ती वर सरकते नि दिसेनाशी होते. लाइव्ह संपलं की मोबाइल खिशात. उत्तर कोणीच दिलेलं नाही.

आता बघा, चर्च ऑनलाइन येणं काही नवीन नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पहिलं ट्वीट डिसेंबर २०१२ मध्ये केलं. मार्च २०२० मध्ये तर दारंच बंद झाली, मग जे पाळक जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते तेही शिकले, मोबाइल आडवा की उभा इथपासून. पण बहुतेकांनी काय केलं, तर दारावरचा नोटीस बोर्ड उचलला आणि फेसबुकवर नेऊन टांगला. वेळ, तारीख, बॅनर, देणगीचा क्यूआर कोड, झालं! सामाजिक संस्थांचंही तेच, किंबहुना जास्तच.

आइस बकेट चॅलेंज आठवतंय? २०१४ चा उन्हाळा, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे काही आठवड्यांत साधारण साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. गंमत म्हणजे हे चॅलेंज त्या संस्थेने सुरूच केलं नव्हतं, ते पसरलं लोकांमधून, एकाने पाणी ओतून घ्यायचं आणि मित्रांची नावं घ्यायची, आता तुमची पाळी. संस्था 'मदत करा' म्हणाली की आपण अंगठा वर सरकवतो, पण मित्राने चारचौघांत नाव घेतलं की माणूस बर्फाची बादली डोक्यावर घेतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळंच. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात खरे, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि घरातलं दुखणं एवढ्या लोकांसमोर कोण सांगणार? ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, फक्त ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, हे माहीत नसल्याने कितीतरी जण 'लोक उत्तरच देत नाहीत' म्हणून रुसून बसतात. सूचनांचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा ठेवा, आणि मन मोकळं करायला एका माणसाचा नंबर द्या, जो खरंच फोन उचलतो. हो, आणि मुलांचे फोटो आईवडलांना न विचारता टाकायचे नाहीत, मदत घेणाऱ्यांचे तर मुळीच नाही, कितीही लाइक मिळत असले तरी.

पोस्ट आठवड्याला एकच पडली तरी चालेल हो, पण उपासनेनंतर अर्धा तास कमेंट वाचायला कोणीतरी बसलंच पाहिजे.

त्या पोराकडे परत येऊ. वायर गुंडाळून झालीय, सगळे बाहेर चहाला गेलेत, आणि तो पायरीवर बसून सगळ्या कमेंट पहिल्यापासून वाचतोय. त्या कमेंटवर थांबतो. टाइप करतो, खोडतो, परत टाइप करतो, "ऑपरेशन किती वाजता आहे? सोबत कोणी आहे ना?"

दोन मिनिटांनी उत्तर येतं. "सकाळी आठला. मी एकटीच आहे."