३ लाख क्युसेक म्हणजे मारुतीच्या कितव्या पायरीला पाणी?

राम राम मंडळी. हातात दावं घेऊन बसलोय, त्याचं काम पुढं आहे. आधी एका आकड्याचं बघू.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला पैठणच्या जायकवाडी धरणातून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, ३ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं. विसर्गाचे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरत होते. पण गंगाकाठच्या कुणालाही विचारा, ३ लाख क्युसेक म्हणजे तुमच्या दारात किती पाणी? कुणाला सांगता येत नाही. इशारा पोचतो, अर्थ पोचत नाही. माझी सगळी तळमळ एवढ्यासाठीच आहे.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ३ लाख क्युसेकचे झाले सेकंदाला जवळपास ८५ लाख लिटर. आपल्याला टँकरची भाषा लवकर कळते. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय. तर १० हजार लिटरचे साडेआठशे टँकर, दर सेकंदाला, रात्रंदिवस. दुष्काळात काय करायचं हे मराठवाड्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं. चारा कुठून आणायचा, बोअर किती फुटांवर लागतो, सगळं तोंडपाठ. पुराची अशी सवय आपल्याला नाही. ती लावून घ्यावी लागेल.

मग करायचं काय? गावातली नदीकडची एखादी पक्की जागा धरा. मारुतीच्या पायऱ्या, शाळेची भिंत, पुलाचा खांब. तिथं ऑइलपेंटनं फूटपट्टीसारख्या खुणा करा. आणि ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. वहीत चारच गोष्टी: विसर्ग किती, कधी सोडला, आपल्याकडं किती तासांनी पोचला, कितव्या खुणेला लागला. दोन-तीन पावसाळे लिहिलं की पुढच्या वेळी मेसेज आल्याबरोबर सरपंचाला सांगता येईल, "पहाटेपर्यंत तिसरी पायरी बुडते, खालच्या आळीनं आत्ताच शाळेत या."

यात एक मेख आहे. धरणाचा आकडा फक्त धरणाचा असतो. पैठणच्या खाली पडलेला पाऊस त्यात नाही, पुढं मिळणाऱ्या सिंदफणा नदीचं पाणी नाही, पूर्णा नदीचं नाही. धर्माबाद-बिलोलीकडं तर वरून पूर येतो आणि खालून तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी असतं. म्हणून नुसत्या मेसेजवर राहू नका, वरच्या गावातल्या माणसाचा नंबर जवळ ठेवा. शहागडनं खालच्या गावाला सांगायचं, गंगाखेडनं पुढच्याला. ओढ्याकाठच्या गावांना तर हे जास्तच लागू आहे, कारण ओढा घटकाभरात चढतो आणि त्याचा मेसेज कुणी पाठवत नाही. मोबाईलला रेंज गेली तर देवळाचा, मशिदीचा भोंगा आहे. वीजही गेली तर दवंडी. हसू नका, रात्री दोनला दारात वाजलेली हलगी झोपेतून उठवते.

आता हे दावं. पुरात जनावरं मरतात ती बरीचशी दावणीला बांधलेली असतात. माणसं निघून जातात, गोठ्यापर्यंत पोचता येत नाही. आणि पोचलं तरी ओल्या दाव्याची निरगाठ अंधारात सुटत नाही, ती फुगून दगडासारखी होते. हे बघा, अशी खेचली तर उलट आवळते. आता सुरगाठ बघा. टोक दुमडून घातलंय. एक हिसका दिला की मोकळं. नदी चढायला लागली की त्या रात्री सगळी जनावरं सुरगाठीनंच बांधायची, आणि गोठ्याच्या दारात एक विळा खोचून ठेवायचा. घर सोडायची वेळ आली तर ती मोकळी करूनच निघायचं. जनावर पोहतं, उंचवटा शोधतं, त्याला फक्त सुटायला मिळालं पाहिजे.

आणखी एक, कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं पावसाळ्याआधी निघाली का ते गावानं स्वतः जाऊन बघावं. दारं तशीच राहिली की पूर बंधाऱ्याला वळसा घालतो आणि बाजूचं शेत कापत निघतो. काळी माती एकदा खरडून गेली की मुरूम उरतो, आणि त्यावर पुढची कितीक वर्षं सोयाबीन धड येत नाही.

पाणी ओसरलं की घाई करू नका. 'हत्ती', म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस, भिंती पाडतो असं जुनी माणसं म्हणायची, ते माळवदाच्या घराला अगदी खरं आहे. मातीची भिंत पुरात उभी राहते आणि ऊन पडल्यावर बसते. नवी चीर दिसली, छताची लाकडं खाली आलेली वाटली, तर लेकरांना त्या खोलीत झोपवू नका. आड-बोअरचं पाणीही शुद्ध करून, उकळूनच प्या.

अडचण आली तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. दोन्ही गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

आणि वहीचं पहिलं पान आज रात्रीच भरा. घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसा आणि विचारा, २००६ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? जागेवर नेऊन दाखवायला सांगा, तिथंच पहिली खूण करा. मला त्या खुणेचा फोटो पाठवा.