आधी मोरीतून येतं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

पवई तलाव भरून वाहू लागला की सांडव्यापाशी फोटो काढायला झुंबड उडते. ते पाणी पुढे कुठे जातं, हे कुर्ल्याच्या माणसाला विचारावं. विहार आणि पवईच्या सांडव्यांचं पाणी मिळून मिठी नदी होते आणि माहीमच्या खाडीत उतरते. तलाव काठोकाठ भरला की पुढचा पाऊस त्यात मावत नाही, थेट नदीत येतो. त्यात भरती असली तर खाडीही पाणी घेत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीनेही वाट अडवली होती. म्हणून पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल, तर तिच्या आधीचे नि नंतरचे दोन-दोन तास जागं राहायचं.

बैठ्या घरात पाणी बऱ्याचदा उंबऱ्याआधी मोरीच्या जाळीतून उलटं येतं. जाड पिशवीत वाळू अर्ध्याहून थोडी जास्त भरा, जाळीवर दाबून बसवा, वर भरलेला हंडा ठेवा. पिशवी गच्च भरलीत तर ती दगडासारखी ताठ राहते आणि कडेने पाणी वर येतं.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा आणि तो खिडकीच्या गजाला बांधा. भरलेला आहे, हलणार नाही, असं समजू नका. गॅस आणि लोखंड मिळून वजन जेमतेम 30 किलो, पाणी मात्र तो त्याहून जास्त बाजूला सारतो. म्हणजे भरलेलाही तरंगतो. मेन स्विच पाय कोरडे असतानाच बंद करायचा. मीटरपाशी पाणी साचलं असेल तर तिकडे जाऊच नका.

वाऱ्याचंही ऐका. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईला न धडकता समुद्रातूनच गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर होते. पत्र्यावर ठेवलेल्या विटा अशा वाऱ्यात दुसऱ्याच्या डोक्यात बसतात. त्या आजच उतरवा आणि पत्रे हुकच्या बोल्टने आवळून घ्या.

रस्त्यावर पाणी तुंबलं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणीही उचलू नये. मुंबई महापालिकेच्या 1916 ला फोन करा. घाण पाण्यातून चालावं लागलं असेल, तर लेप्टोच्या, म्हणजे उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळीसाठी 72 तासांच्या आत दवाखान्यात जा, पायाला जखम असो वा नसो. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल, तर ती उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याशिवाय पंप चालू करू नका. नाहीतर तीच घाण गच्चीवरच्या टाकीतही चढते.