फुकटची हवा

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये दुपारी एक वाजता जाऊन उभं राहा. लेथ थांबलेले असतात, ग्राइंडर गप्प असतो, माणसं डबे सोडून बसलेली असतात. तेवढ्यात कोपऱ्यातला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, आपोआप सुरू होतो. दोन मिनिटं घरघरतो, थांबतो. भाकरी संपायच्या आत पुन्हा सुरू. हवा तर त्या वेळी कुणीच वापरत नाही. मग टाकीतली हवा जाते कुठं?

जरा कान दिला की कळतं. होज पाईपच्या क्लिपपाशी, जुन्या व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी बारीक ‘सूं’ असा आवाज येत असतो. दिवसभर मशीनच्या आवाजात तो बुडून जातो, म्हणून आम्ही, म्हणजे छोट्या कारखान्यांना ऊर्जा वाचवायचा सल्ला देणारी आमची संस्था, मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत जातो. हातात घड्याळ आणि साबणाच्या पाण्याची बाटली. समजा कॉम्प्रेसर दोन मिनिटं चालला आणि सहा मिनिटं बंद राहिला. आठातली दोन मिनिटं, म्हणजे त्याची पाव ताकद नुसती गळतीला पोसते आहे. सात बारच्या दाबाला दीड मिलिमीटरच्या भोकातून जवळपास पाऊण किलोवॉट वीज वाया जाते. रोज दहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर २०० युनिटच्या घरात. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणून बघा. आपल्याकडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही त्यात धरा. आणि ही गळती थांबते कशानं? एक क्लिप, एक वायसर आणि थोडी टेफ्लॉन टेप.

पहिल्यांदा हे एका मालकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, हवा फुकटच असती की!” हवा फुकट आहे, पण ती दाबायला लागणारी बहुतेक वीज नुसती उष्णता होऊन जाते. कारखान्यात इतकी महाग पडणारी ऊर्जा दुसरी क्वचितच असेल. मालकांनी त्याच संध्याकाळी फिटरला बोलावून घेतलं.

छोट्या कारखानदाराला पर्यावरणाचं काही पडलेलं नसतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. पंचगंगेचं पाणी काळं पडलं की सगळ्यात आधी तोच हळहळतो, त्याचं लहानपण त्याच पाण्यात गेलेलं असतं. त्याची अडचण वेगळी आहे. त्याला विचारायला माणूस नाही. मोठ्या कंपनीत ऊर्जेचा हिशेब बघायला स्वतंत्र इंजिनियर असतो. इथं मालकच खरेदी बघतो, मालकच उधारी वसूल करतो, आणि ऑपरेटर आला नाही तर मालकच मशीनवर उभा राहतो. त्याच्या दारात सल्ला घेऊन येणारा प्रत्येक जण काहीतरी विकायला आलेला असतो. सोलरवाला म्हणतो सोलर बसवा, मोटरवाला म्हणतो मोटर बदला. दोघांचंही खरं असेल, पण आधी काय करायचं हे कोण सांगणार?

आमची संस्था एवढ्यासाठीच आहे. आम्ही काही विकत नाही. सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्यानं प्रत्येक ग्राहकामागे कमिशन देऊ केलं होतं. तेव्हा खात्यात पुढच्या महिन्याचे पगारही नव्हते. नाही म्हणताना हात थरथरला, हे खरं आहे. पण ते पैसे घेतले असते, तर दुसऱ्या दिवशीपासून आमच्या शब्दाला काय किंमत राहिली असती?

संस्था चालवायची म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, देणग्यांवरच्या करसवलतीची कागदपत्रं, हे सगळं आलंच. ते जमतं. अवघड आहे ते आमचं काम दाखवणं. २०१४पासून ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्यामुळे आम्ही त्यांच्याकडे जातो. एका ठिकाणी आम्हाला विचारलं, “झाडं किती लावली? फोटो आहेत?” झाडं लावावीतच. पण बंद झालेल्या गळतीचा फोटो कसा काढायचा? आमच्याकडे असतात ती दोन लाईट बिलं, एक आधीचं आणि एक नंतरचं.

याच मोठ्या कंपन्यांना माझी एक विनंती आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानं २०२२-२३पासून बाजारमूल्यात पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरणाबद्दलचा अहवाल द्यावा लागतो. मग त्यांच्याकडून शिरोलीतल्या, गोकुळ शिरगावातल्या छोट्या पुरवठादाराकडे लांबलचक इंग्रजी तक्ते येतात. तो ते आमच्याकडे घेऊन येतो, आम्ही भरून देतो. तक्ते जरूर पाठवा. सोबत कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, दरात किलोमागे चार पैसेही वाढवून द्या.

आमची एक चूकही सांगायला हवी, कारण आज सगळ्यात जास्त वेळ तिच्यावरच जातो आहे. शहरातल्या एका बेकरीत लाकडाची भट्टी होती. धुरानं कामगारांचे डोळे चुरचुरायचे. आम्ही लाकूड मोजलं, पाव मोजले, हिशेब मांडला आणि गॅसचा ओव्हन परवडेल असं सांगितलं. बेकरीवाल्या काकांनी विश्वास ठेवला, कर्ज काढून ओव्हन बसवला. पाव उत्तम निघाले. टोस्ट मात्र फसले. जुन्या भट्टीच्या जाड विटा पाव निघाल्यावरही तासन्‌तास तापलेल्या राहायच्या आणि त्या उरलेल्या उबेवर रात्रभर टोस्ट वाळायचे. त्यासाठी वेगळं जळण लागतच नव्हतं. ओव्हन बंद केला की लवकर निवतो. टोस्टसाठी तो पुन्हा पेटवावा लागला आणि गॅसचा खर्च हिशेबाबाहेर गेला. ती ऊब आमच्या कागदावर कुठंच नव्हती. आम्ही काकांना पावाबद्दल विचारलं, पण रात्री भट्टीत काय असतं, हे विचारायचं राहून गेलं.

काका रागावले नाहीत. “आता तुम्हीच काढा यातनं वाट,” एवढंच म्हणाले. सध्या आठवड्यातून दोन दिवस ते टोस्टसाठी जुनी भट्टी पेटवतात. आम्ही ओव्हनच्या बाजूंना आणि दाराला काचलोकरीचं आवरण केलं आहे, आत तापमान मोजणारा थर्मोकपल बसवला आहे. शेवटची पावाची खेप निघाली की बेकरीतला एक मुलगा दर तासाला तापमान वहीत लिहून ठेवतो. काल रात्री अकराला मी वही बघितली. ऊब पूर्वीपेक्षा दीड तास जास्त टिकली आहे. टोस्टला अजून तीन तास हवेत.

नमस्कार.