मागून घंटी वाजते तेव्हा

(दृश्य : पहाट. पुलाखालून वाहणारी करडी नदी. नावघरांची दारं उघडतात. आठ मुली एक लांबलचक नाव खांद्यावर घेऊन उतारावरून पाण्याकडे निघाल्या आहेत.)

पटनी. लंडनच्या नैर्ऋत्य भागातला टेम्सचा काठ. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची प्रसिद्ध नौकाशर्यत १८४५ पासून, थोडे अपवाद वगळता, पटनी ते मोर्टलेक याच टप्प्यावर होत आली आहे. शर्यतीच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. पण तो एक दिवस. आपण आलो आहोत ते बाकीच्या दिवसांसाठी.

नावघरं संपली की डांबरी रस्ताही संपतो आणि खडीची वाट सुरू होते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला झाडी. काही ठिकाणी दोन मैत्रिणी शेजारी शेजारी चालू लागल्या की तिसऱ्या माणसाला जागा उरत नाही, एवढीच तिची रुंदी.

मी या वाटेवर चालते. आठवड्यातले तीन दिवस याच वाटेनं सायकलवर कामालाही जाते. त्यामुळे चालणारे आणि सायकलवाले यांचं इथलं भांडण मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं.

(दृश्य : मागून चित्रण. एक वृद्ध बाई काठी टेकत चालल्या आहेत. दूरवर सायकलचा दिवा.)

आधी चालणाऱ्याच्या बाजूनं पाहू. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. सायकल वीसनं येत असेल, तर बारा मीटर मागे असलेली सायकल तीन सेकंदांत त्याच्या खांद्याशी येते. तीन सेकंदांत तरुण माणूस बाजूला होतो. ज्याला ऐकू कमी येतं, ज्याचे गुडघे दुखतात, ज्यानं लहान मुलाचं बोट धरलंय, त्याला आधी दचकावं लागतं आणि मग कुठे सरकायचं ते ठरवावं लागतं. एका बाजूला नदी आहे, हे विसरू नका. धडक होतेच असं नाही. बहुतेक वेळा होत नाही. पण दोनतीनदा असं दचकल्यावर म्हातारी माणसं वाट बदलतात, आणि मग फिरायला जाणंच सोडतात. अपघातांच्या नोंदीत ही माणसं कुठेच सापडत नाहीत. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

आता सायकलवरून पाहू. वाटेच्या एका कडेला कुत्रा, दुसऱ्या कडेला मालक, आणि मधे दिसेल न दिसेल अशी बारीक दोरी. कानांत इअरफोन घातलेली माणसं. चौघांचा घोळका, वाटेच्या या काठापासून त्या काठापर्यंत. आणि घंटीचा प्रश्न.

घंटीवर थोडं थांबते, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे घंटी वाजवताना कुणी विचार करत नाही. गल्लीतून येताना, वळणावर, कधी उगाचच. तिचा अर्थ एवढाच, की मी येतोय. इथे त्याच आवाजाचे दोन अर्थ होतात. वाजवली तर काहींना ती ‘सरका बाजूला’ अशी आज्ञा वाटते. नाही वाजवली तर चोरासारखे मागून आलात म्हणून बोलणी बसतात. ब्रिटनमध्ये नवी सायकल घंटीसह विकणं दुकानदाराला बंधनकारक आहे. पण घरी नेल्यावर ती काढून टाकली तरी कायद्याची हरकत नाही. पुष्कळ जण काढूनही टाकतात. लंडनच्या कालव्यांवर ‘टू टिंग्ज’ नावाची एक मोहीम झाली होती. दोनदा हलकेच टिणटिण करा आणि वेग कमी करा, एवढंच तिचं सांगणं. मी अनुभवानं त्यात एक भर घातली आहे : घंटी लांबूनच वाजवायची. पाठीशी येऊन वाजवलेली घंटी आणि वीस मीटरवरून वाजवलेली घंटी यांचा आवाज एकच असला, तरी ऐकणाऱ्याला त्या वेगळ्या ऐकू येतात.

(दृश्य : जुनं रेखाचित्र. नदीतला पडाव, काठावरून दोर ओढणारे घोडे.)

या वाटेला इथे टोपाथ म्हणतात. टो म्हणजे दोरानं ओढून नेणं. वाफेची इंजिनं येण्याआधी मालानं भरलेले पडाव प्रवाहाविरुद्ध ओढत न्यावे लागत. आधी माणसांच्या टोळ्या ओढत, पुढे घोडे आले. म्हणजे ही वाट मुळात कामाची होती, आणि तिचा वेग ओझं ओढणाऱ्या जनावराचा होता. पुढे माल रेल्वेनं गेला, मग लॉरीनं. वाट फिरणाऱ्यांना मिळाली. उगमापासून लंडनपर्यंत काठाकाठानं जाणारा सुमारे १८४ मैलांचा ‘टेम्स पाथ’ १९९६ मध्ये राष्ट्रीय पायवाट म्हणून खुला झाला.

कायदा काय म्हणतो? आपण फूटपाथ म्हणतो तो रस्त्याच्या कडेचा. इंग्लंडच्या कायद्यात ‘पब्लिक फूटपाथ’ म्हणजे शेतातून, रानातून, नदीकाठानं जाणारी अशी वाट, जिच्यावर सगळ्यांना पायी जाण्याचा हक्क आहे. फक्त पायी. तिथे सायकल चालवणं सहसा गुन्हा ठरत नाही, पण जमीनमालकाच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यासारखं ठरतं. रस्त्याकडेच्या पदपथावर मात्र सायकल चालवणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा १८३५ चा. त्या वेळी आजच्यासारखी सायकल जन्मालाही आली नव्हती. १८८८ च्या कायद्यानं सायकलला गाडी ठरवलं आणि ती आपोआप त्यात अडकली. घोडेस्वारांच्या वाटा सायकलला १९६८ मध्ये खुल्या झाल्या, एका अटीवर : चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

टेम्सच्या काठावर हे सगळे प्रकार एकामागून एक येतात. काही तुकड्यांवर सायकलला परवानगी, काहींवर नाही. वाट तीच, माती तीच, फक्त पाटी बदलते. आणि पाटीवर वेल चढलेला असतो.

(दृश्य : हॅमरस्मिथ पूल. हिरवे मनोरे, गाड्यांविना मोकळा रस्ता.)

टेम्सवरचा हा पूल १८८७ चा, अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी उभारलेला. त्याच्या ओतीव लोखंडाला तडे आढळले आणि एप्रिल २०१९ मध्ये तो मोटारींना बंद झाला. ऑगस्ट २०२० ते जुलै २०२१ या काळात तर पायी माणसालाही तो ओलांडता येत नव्हता. रोजची शाळा, रोजचं काम नदीपलीकडे असलेली माणसं दुसऱ्या पुलाकडे निघाली, आणि त्यांतली पुष्कळ या टोपाथवरून. तोही महामारीचा काळ. घरात कोंडलेल्या माणसांना मोकळी हवा मिळण्याची हीच जागा. वाट रुंद झाली नाही, माणसं मात्र वाढली.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. या वाटेवर सायकली हौसेनं येतात तशा नाइलाजानंही येतात. वर, समांतर जाणाऱ्या रस्त्यावर बस आहेत, मालाच्या व्हॅन आहेत, कडेला उभ्या केलेल्या मोटारी आहेत. मागच्या आसनावर तीन वर्षांचं मूल बसवलेली आई त्या रस्त्यानं जाणार नाही. मीही जात नाही. मोटारीला पूर्ण रस्ता मिळाला. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर चालणारे आणि सायकलवाले एकमेकांना दोष देत बसले.

हे सरकारच्याही ध्यानात आलेलं आहे. जुलै २०२० च्या इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की सायकलला वाहन समजा, पादचारी समजू नका, आणि शहरातल्या रस्त्यांवर दोघांना वेगळं ठेवा. एकत्र वाट करायचीच, तर किमान तीन मीटर रुंद. तासाला तीनशेहून अधिक सायकली जात असतील तर साडेचार मीटर. नदीकाठी साडेचार मीटर आणणार कुठून? झाडं तोडायची, की नदीत भर घालायची?

मग छोटे उपाय होतात. वाटेत लोखंडी दांडे आडवे घालतात. त्यानं सायकल मंदावते, पण चाकाची खुर्ची अडकून पडते. खडी काढून डांबर घालतात. त्यावर चाकाची खुर्ची सुखानं जाते, पण सायकलही तीरासारखी सुटते. काही ठिकाणी रेघ मारून वाट वाटून घेतात. अंध माणसाच्या काठीला कळावं म्हणून चालण्याच्या बाजूच्या फरशीवर आडव्या धारा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, आणि सायकलच्या बाजूला उभ्या, रुळांसारख्या. कल्पना चांगली आहे. पण त्या धारांचा अर्थ डोळस माणसांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हे तुम्हीच उभं राहून पाहा.

(दृश्य : कर्णा घेतलेला प्रशिक्षक, सायकलवर. नजर पाण्यातल्या नावेवर.)

आणि नदीकाठचा हा खास स्वार. नाव पाण्यात, प्रशिक्षक काठावर सायकलीवर. ओरडून वल्ह्यांची लय सांगतो. त्याची नजर नावेवर असते आणि सायकल आपल्यासमोर. याच्यासाठी कुणी कायदा करावा असं मला वाटत नाही. त्यानं थांबून बोलावं, एवढंच वाटतं.

२०२२ च्या जानेवारीत ब्रिटनच्या वाहतूक संहितेत बदल झाला. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जबाबदारी जास्त, हे त्यात लिहिलं गेलं. माणसांच्या जवळून, वेगानं, विशेषतः मागून सायकल नेऊ नये, हेही. मला हे पूर्ण पटतं. मोटारीपुढे मी सायकलवर जो न्याय मागते, तोच मला माझ्या पुढे चालणाऱ्या बाईंना द्यावा लागेल. त्यांचा वेग तो या वाटेचा वेग. मला घाई असेल तर घरून दहा मिनिटं लवकर निघावं. आणि वरच्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळी पट्टी हवी, ही मागणी मी सोडणार नाही.

(दृश्य : डिसेंबर. दुपारचे चार, अंधारून आलं आहे. उधाणाच्या भरतीचं पाणी वाटेच्या कडेला टेकलं आहे.)

या वाटेवर दिवे नाहीत. समोरून कुणीतरी चालत येतंय. सोबत कुत्रा आहे बहुतेक. सायकलचा दिवा थेट डोळ्यांत गेला, तर त्यांना पाण्याची कड दिसणार नाही.

मी उतरते. दिव्याचं तोंड खाली, मातीकडे करते. आणि ते जवळून पुढे जाईपर्यंत थांबते.