मोजणीच्या दिवशी पोरं गावातच होती

(दृश्य: पहाटेचा अंधार. रस्त्याकडेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. सामान चढतंय. कुणीतरी बॅटरी धरून उभं आहे.)

दसरा सरतो. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीला माणसं न्यायला ट्रॅक्टर येऊन थांबतात. बाज चढते, बाजरीचं पोतं चढतं, सरपण चढतं, शेळी चढते. सगळ्यात शेवटी, सामानात उरलेल्या फटीत, पोरं बसवली जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. काही टोळ्या थेट कर्नाटकात. परत यायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा गडी असला तर 'अर्धा कोयता'. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, त्यावरच ठरते. पोरांसाठी त्या वहीत रकाना नाही. बरं, ती मुकादमाची वही. सरकारच्या वहीत तरी या पोरांची नोंद आहे का?

आहे की. तिथंच तर गोम आहे.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. हजेरीपटावरून फिरणारं बोट.)

शाळेत किती शिक्षक मंजूर, याला संचमान्यता म्हणतात. ती ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. ३० सप्टेंबरला टोळी गावातच असते. आई-बाप पावसाळ्यात घेतलेल्या उचलीचे दिवस मोजत असतात आणि पोरं बाकावर असतात. पट भरलेला.

२०११ साली राज्यानं मोठी पटपडताळणी केली. खोटी नावं पकडायची म्हणून, बोटाला शाई लावून. तारखा होत्या ३ ते ५ ऑक्टोबर. त्या वर्षीचा दसरा ६ ऑक्टोबरला. मोहीम संपली आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. मग २०१५. शाळाबाह्य मुलं शोधायला एकाच दिवसात अख्खं राज्य पिंजून काढायचं ठरलं. दिवस ठरला ४ जुलै. जुलैत ऊसतोड मजुराचं पोर कुठं असतं? गावात. शाळेत नाव असतं, दप्तर असतं. ते शाळाबाह्य होतं नोव्हेंबरात.

यात कुणाचा कट आहे असं मला वाटत नाही. तारखा ठरवणाऱ्यांच्या भिंतीवर शैक्षणिक वर्षाचं कॅलेंडर असतं, गाळप हंगामाचं नसतं, इतकंच. पण त्यामुळं झालं असं, की प्रत्येक मोजणीत ही पोरं सापडली आणि प्रत्येक मोजणीतून निसटली. गंमत म्हणजे जनगणनेचं उलटं. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तेव्हा ही माणसं उसाच्या फडात, कोप्यांमध्ये, म्हणजे तिथल्या झोपड्यांत. म्हणून तर राज्यात ऊसतोड मजूर नेमके किती, याला आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत वाटेल ते उत्तर मिळतं. आई-बापांचीच गणती अशी. पोरांची कोण करणार?

(दृश्य: उसाचा फड. पाचटावर अंथरलेलं लुगडं, त्यावर झोपलेलं तान्हं बाळ. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी.)

ही मुलगी तिसरीत आहे. म्हणजे पटावर तिसरीत आहे. सध्या तिचं काम भावाला राखायचं. सावली सरकली की लुगडं सरकवायचं. आई वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधून झाली की हाक मारते, तेव्हा पाण्याची कळशी न्यायची. गाडी रात्री भरायला आली तर कोपीवर हीच एकटी, दोन लहानग्यांना घेऊन.

तोडणीचा दर टनावर. २०२४ च्या करारात तो टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. चांगली वाढ आहे. पण दर टनावर असला की बाळाला पाजायला घेतलेला अर्धा तासही मजुरीतून जातो, आणि कामावर न आलं तर खाडा, म्हणजे दंड. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. कारखान्याला विचारा, या बायका तुमच्याकडं कामाला आहेत का? नाहीत. करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा नवऱ्याशी. बाई कुणाच्याच कागदावर नाही, म्हणून पाळणाही कुणाच्या अंगावर येत नाही.

(दृश्य: जुन्या साखरशाळेचं पत्र्याचं शेड. आता तिथं खताची पोती.)

उपाय झालेच नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. स्वयंसेवी संस्थांनी चालवल्या, कारखान्यांनी जागा दिल्या. जिथं बैलगाडीवाल्यांचा तळ असतो, त्या गाडी सेंटरवर त्या बऱ्या चालल्या, कारण तळ हंगामभर हलत नाही. डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्या डोकी सेंटरवाल्यांचं तसं नाही. आज या शिवारात, पंधरा दिवसांनी पुढच्या गावात. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय सांगेल तिकडं बिऱ्हाड.

मग आला शिक्षणहक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून लागू. या कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना दाखल करून घेणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. हेतू उत्तम: वेगळी, कमअस्सल शाळा कशाला, जवळच्या नेहमीच्या शाळेतच बसू द्या. साखरशाळा मागं पडल्या. पोरांच्या हाती शिक्षण हमी कार्ड आलं. कार्ड दाखवा, शाळा दाखला न मागता घेईल.

कार्ड दाखवायला शाळेपर्यंत जावं लागतं. फड गावापासून दोन-तीन किलोमीटर आत. आई-बाप पहाटे चारला कोयता घेऊन गेलेले. नेणार कोण? टोळी बागलकोटकडं गेली असेल तर फळ्यावर कन्नड. आणि समजा पोर गेलंच, बसलंच, तर महिन्याभरात बिऱ्हाड हललं.

(दृश्य: संध्याकाळ. गावातली शाळा, ओट्यावर जेवणाची पंगत. एक म्हातारी दारात उभी.)

दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. पोर गावातच ठेवायचं. नाव वसतिगृह, पण बहुतेक गावांत इमारत नसते. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडं. शाळा व्यवस्थापन समिती चालवते. सगळ्या योजनांत मला ही सर्वांत शहाणी वाटते, कारण ती पोराला हलवत नाही. तिचं दुखणं वेगळं. आधी सर्वेक्षण, मग प्रस्ताव, मग तालुका, मग जिल्हा. मंजुरी येईपर्यंत ट्रॉल्या गेलेल्या असतात. आई कागदाची वाट बघत नाही. दिवाळीनंतर पोराला कोण जेवू घालणार, हे तिला दिवाळीआधी कळावं लागतं.

आणि आजी. आख्खी योजना एका म्हातारीच्या गुडघ्यांवर उभी आहे. तिला कुठल्या शासन निर्णयात मानधन नाही.

सहा वर्षांखालचं पोर तर या हिशेबातही येत नाही. त्याची अंगणवाडी गावात. वजन तिथं, पोषण आहार तिथं, लसीची नोंद तिथं. हल्ली मोबाइलमधल्या ॲपवर नाव दुसऱ्या अंगणवाडीकडं पाठवायची सोय झाली आहे. पण फडाजवळच्या सेविकेला ते बाळ कोपीपर्यंत जाऊन शोधावं लागतं, आणि ते तिच्या गावचं नसतं.

(दृश्य: आठवीचा वर्ग. मुलींच्या रांगेतली रिकामी जागा.)

हंगामी वसतिगृह आठवीपर्यंत. त्यानंतर मुलगी चौदा-पंधराची. गावात ठेवायची तर धास्ती, फडावर न्यायची तर कोपीला दार नाही. मग स्थळ बघतात. लग्न झालं की आणखी एक कोयता उभा राहतो, उचल मिळते. हंगामाच्या तोंडावर उरकलेल्या अशा लग्नांना काही भागांत 'गेटकेन' म्हणतात, उसाचाच शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. बीडमध्ये ४३.७. खेड्यात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची. त्याच्याकडं घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुलं, आणि हेही.

२०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलं. पैसा ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडून, ज्यात गाळपाच्या टनामागं दहा रुपये कारखान्यांनी भरायचे. पहिल्यांदा उसाच्या पैशाचा आणि उसातल्या पोरांचा संबंध कागदावर जोडला गेला, ही मोठी गोष्ट. सगळीच्या सगळी उभी राहिली, भरली, तरी मुलं होतात आठ हजार दोनशे.

(दृश्य: एप्रिल. ट्रॉली गावात परत येते. मुलगी उतरते. भाऊ आता चालायला लागलाय.)

परीक्षा चालू आहेत. गुरुजी तिला बसवून घेतात. पट राखायचा असतो, आणि पोरीचं नाव कापावं असं त्यांनाही वाटत नाही. जूनमध्ये ती चौथीत बसेल. बेरजेतला हातचा विसरलेली, पण चौथीत. पावसाळ्यात मुकादम उचल घेऊन येईल.

(दृश्य: वर्ग. बाहेर पाऊस. फळ्यावर तारीख: ३० सप्टेंबर. गुरुजी हजेरी घेतात, एकेक नाव, एकेक "हजर". पट संपतो. गुरुजी शेवटी आकडा लिहितात: गैरहजर, शून्य.)