हृदयाची गोळी आणि कोरडा खोकला

श्रोतेहो, नमस्कार. हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून तुमच्या घरात कुणी अमिओडॅरोन नावाची गोळी घेत असेल, तर त्यांनाही हे ऐकू द्या.

१९६१च्या सुमारास बेल्जियममध्ये हे औषध आलं, तेही छातीत दुखण्यावर. ठोके ताळ्यावर आणण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. जिवावर बेतणारी अनियमितता ते आटोक्यात आणतं, म्हणून डॉक्टर ते देतात, आणि योग्यच करतात.

पण ही गोळी अंगात मुरते. चरबीत, यकृतात, फुफ्फुसांत साठत जाते. फुफ्फुसाच्या पेशींना आतल्या स्निग्ध द्रव्यांचा निचरा करता येईनासा होतो, सूज येते. दुर्लक्ष झालं तर फुफ्फुस कडक होतं आणि ते नुकसान पुरतं भरून निघत नाही. सगळ्यांनाच असं होत नाही. मोठा डोस, जास्त काळ आणि उतारवय असेल तर धोका वाढतो.

घात होतो तो ओळखण्यात. आजोबांना कोरडा खोकला सुरू होतो, जिना चढताना दम लागतो, वजन उतरतं, कधी कणकणही येते. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी न्यूमोनिया म्हणतं, एक्स-रेवर डाग दिसला की टीबीची शंका येते, आणि हृदयाचा रुग्ण म्हटल्यावर छातीत पाणी झालं असेल असंही वाटतं. यातलं काहीही खरं असू शकतं. पण तपासणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नावच ठाऊक नसेल, तर त्यांना तिची शंका येणार कशी? म्हणून प्रत्येक वेळी औषधाची पट्टीच सोबत न्या.

मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. ठोके पुन्हा बिघडतील. तो निर्णय डॉक्टरांचा. त्रास गोळीचाच ठरला तर ते ती थांबवतात, गरज पडल्यास काही महिने स्टिरॉइड देतात.

आणखी एक, कळकळीनं. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं तीच गोळी आणू नका. सुरुवातीलाच छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसांची क्षमता तपासून ठेवलेली बरी, म्हणजे पुढे तुलना करता येते. थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी व्हाव्यात. आणि गोळी सुटल्यावरही तिचा अंश निम्म्यावर यायला सरासरी दोन महिने लागतात, त्यामुळे बंद केल्यानंतर खोकला लागला तरी तिचं नाव डॉक्टरांना सांगाच.